पॉडकास्टचा आवाज हळू येतोय? लेव्हल लावताना या चुका टाळा

पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, -1 डेसिबलला (डीबी) टेकवलाय, वेव्हफॉर्म पण चांगला जाडजूड दिसतोय आणि तरी एपिसोड इतरांच्या मानाने हळूच वाजतो? अहो, पीक म्हणजे लाऊडनेस नाही. कुणीतरी एकदा खदखदून हसलं, तो एक पीक -1 ला पोचला की नॉर्मलाइझ (अख्खा आवाज ठरलेल्या लेव्हलपर्यंत उचलणारी कमांड) तिथेच थांबणार, मग बाकी सगळं बोलणं राहिलं खाली.

कानाला किती मोठं वाटतं ते एलयूएफएस (LUFS) या लाऊडनेसच्या एककात मोजतात, सगळे लफ्सच म्हणतात. त्यातही बघायचा तो इंटिग्रेटेड, म्हणजे अख्ख्या एपिसोडचा आकडा. मोमेंटरी 400 मिलिसेकंदांचा आणि शॉर्ट-टर्म 3 सेकंदांचा, ते नाचतच राहणार, त्यांच्या मागे फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) हलवत बसू नका. मीटर रिसेट करून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवा, मधलीच दोन मिनिटं ऐकून काही कळत नाही.

टार्गेट किती? अ‍ॅपल पॉडकास्ट -16 लफ्स सांगतं, 1 इकडेतिकडे चालतं, ट्रू पीक (सॅम्पल्सच्या मधलंही धरून मोजलेलं खरं टोक) -1 डीबीच्या वर नको. ऑडॅसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मात्र लाऊडनेस नॉर्मलायझेशनमध्ये -23 आधीच भरलेलं असतं, तो युरोपातल्या प्रसारणाचा आकडा, न बघता ओके दाबलं की गेलं!

मोनोवाल्यांची वेगळीच गंमत. मोनो (एकाच चॅनेलची) फाइल -19 दाखवते तेव्हा ती कानाला -16 च्या स्टिरिओएवढीच वाटते. म्हणून ऑडॅसिटीत 'ड्युअल मोनो'ची (मोनो दोन्ही स्पीकरवर वाजेल असं धरून मोजायची) टिक असेल तर -16 च टाका, टिकही ठेवली आणि -19 पण टाकलं तर 3 डीबी उगाच गेले.

एक पाहुणा दणदणीत आणि दुसरा कुजबुजतोय, हे शेवटी मिक्सवर आकडा लावून सुटत नाही हो, दोघांचे ट्रॅक आधी वेगवेगळे सारखे करा, मग कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा), मग पूर्ण मिक्सचा लाऊडनेस आणि लिमिटर (पीक ठरलेल्या मर्यादेवर अडवणारा) एकदम शेवटी. इंट्रोचं म्युझिक दणकून असेल तर ते इंटिग्रेटेड आकडा वर खेचतं आणि बोलणं खालीच राहतं, तेव्हा नुसतं बोलणं वेगळं मोजून बघा.

आवाज वाढवल्यावर पंख्याची घरघर ऐकू यायला लागली? रेकॉर्डिंग -30 ला असेल तर -16 ला आणताना घरघर पण 14 डीबी वर येणारच, नॉइजचं काम आधी उरका. आणि एमपी3 करताना पीक थोडे वर उडतात, त्यामुळे एक्सपोर्ट केलेली फाइलच परत मीटरला लावा, -1 ओलांडलं असेल तर लिमिटर -1.5 किंवा -2 ला ठेवून पुन्हा काढा.