मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर रक्तपेशींचा अहवाल कसा वाचावा

प्रत्यारोपणानंतर सर्वांचे लक्ष मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिअ‍ॅटिनिनवर असते आणि त्याच कागदावरचे रक्तपेशींचे आकडे दुर्लक्षित राहतात. हे आकडे तारखेनुसार वहीत उतरवावेत आणि शेजारी त्या आठवड्यात सुरू, बंद किंवा कमी-जास्त केलेले औषध लिहावे, कारण पेशी घटण्याचे कारण बहुधा त्याच रकान्यात सापडते.

पहिल्या काही महिन्यांत पांढऱ्या पेशींना धोका अधिक असतो. शरीराने मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिले जाणारे मायकोफेनोलेट, सीएमव्ही विषाणू रोखणारे व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर आणि संसर्ग टाळणारे को-ट्रायमॉक्साझोल ही तिन्ही औषधे तेव्हा अनेकदा एकत्र चालू असतात आणि तिन्ही अस्थिमज्जेला (हाडांतील रक्तपेशी तयार करणाऱ्या भागाला) दाबू शकतात. शिवाय व्हॅलगॅन्सायक्लोव्हिरची मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यावर ठरत असल्याने क्रिअ‍ॅटिनिन वाढूनही मात्रा तीच राहिली, तर औषध शरीरात साचते. एकूण आकड्यावर थांबू नये: पांढऱ्या पेशी २,४०० आणि त्यांतल्या संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ५० टक्के असतील, तर प्रत्यक्ष न्यूट्रोफिल १,२०० भरतात, म्हणजे १,५०० या नेहमीच्या मर्यादेपेक्षा कमी. अ‍ॅझाथायोप्रिन (हेही मूत्रपिंड नाकारले जाऊ नये म्हणून दिले जाते) घेणाऱ्याने गाउटसाठी (युरिक आम्ल साचून होणाऱ्या संधिवातासाठी) दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेले अ‍ॅलोप्युरिनॉल प्रत्यारोपण तज्ज्ञांना विचारल्याशिवाय कधीही सुरू करू नये. ही जोडी अस्थिमज्जा धोकादायकरीत्या दाबते, आणि चूक बहुतेक वेळा दोन चिठ्ठ्या एकत्र न पाहिल्यामुळे होते.

हिमोग्लोबिन कमी असेल, तर लोहाची कमतरता, संसर्ग आणि नव्या मूत्रपिंडाचे मंदावलेले काम यांचा विचार आधी होतो. काहीच जुळत नसेल तर पार्व्हो बी१९ विषाणूची तपासणी होते. उलट हिमोग्लोबिन १७ च्या वर गेले, तर ते सुधारणेचे लक्षण मानू नये. रक्त दाट होऊन गुठळ्यांचा धोका वाढतो. पुरुषांमध्ये, धूम्रपान करणाऱ्यांमध्ये आणि स्वतःची जुनी मूत्रपिंडे शरीरात असलेल्यांमध्ये हे अधिक आढळते, साधारणपणे प्रत्यारोपणानंतर ८ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. गंमत अशी की हिमोग्लोबिन किंचित उतरवणारी रक्तदाबाची काही औषधे इथे उपचार म्हणूनच दिली जातात.

प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन एकत्र घसरून क्रिअ‍ॅटिनिन चढत असेल, तर सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत असल्याची शंका येते. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही मूत्रपिंड नाकारले जाऊ नये म्हणून दिली जाणारी औषधे त्याची ज्ञात कारणे आहेत, आणि अशा वेळी पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा. न्यूट्रोफिल कमी असताना ताप आल्यासही हेच लागू आहे. मात्र कोणत्याही आकड्यावरून औषध स्वतःहून बंद करू नये: मायकोफेनोलेट थांबवल्यास पेशी सावरतील, पण शरीर मूत्रपिंड नाकारू लागू शकते, आणि किती कमी करायचे हे तज्ज्ञच वहीतल्या नोंदी पाहून ठरवतात.