उजेडाचा हिशेब: मेंढ्यांच्या खोऱ्यातला पहिला हिवाळा

स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. त्याआधी दोन कामं उरका: घर तापवायच्या केरोसीनची टाकी भरून घ्या आणि डोक्याला बांधायची बॅटरी आणा. हातातली नको, फाटकाची कडी काढायला दोन्ही हात लागतात.

थंडीची धास्ती सगळेच घालतात. आमच्या डी नदीच्या खोऱ्यात, ब्रेमारला, १८९५ आणि १९८२ साली उणे २७.२ अंशांची नोंद झाली आहे. हा आकडा घरच्यांना फोनवर सांगायला बरा. रोजचा हिवाळा मात्र शून्याच्या आसपास घुटमळणारा, ओला, वाऱ्याचा. इथले लोक त्याला ‘ड्रीख’ म्हणतात, शेवटचं अक्षर खाकरल्यासारखं. स्वेटरपेक्षा पाणी न शिरणारं जाकीट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट यांवर पैसे घाला.

मी माणदेशातली. तिकडे पाण्याचा हिशेब ठेवायचो, इथे उजेडाचा ठेवते. डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं, साडेतीनला सूर्य गेलेला असतो. भर दुपारीसुद्धा तो क्षितिजावर जेमतेम दहा अंश; गाडी चालवताना थेट डोळ्यांत येतो, आणि नेमक्या सावलीतल्या वळणावर न दिसणारा बर्फ असतो. बाहेरची कामं अकरा ते दोनमध्ये बसवा. ‘ड’ जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्या, इथलं सरकारही तेच सांगतं.

वादळात वीज जाते. पाणी विहिरीच्या पंपाचं असेल तर तेही जातं, म्हणून दोन-चार कॅन भरलेले हवेत. नोव्हेंबर २०२१च्या आर्वेन वादळात या भागातली काही घरं आठवड्याहून जास्त अंधारात होती. वीज गेल्याचं १०५ वर कळवायचं.

आता शेजारणींबद्दल. नोव्हेंबरात मेंढ्यांच्या पाठीवर लाल-निळे डाग दिसतील. धुळवड नव्हे, एडक्याच्या छातीला रंग फासलेला असतो, कुठली मेंढी फळली ते कळावं म्हणून. दर सोळा-सतरा दिवसांनी रंग बदलतात, आणि एप्रिलात कोकरं येतात.

वाटेत एखादी चारी पाय वर करून उताणी पडलेली दिसली तर मेली समजून पुढे जाऊ नका. लोकर भिजून जड, पोटात कोकरू, तिला एकटीला उलटता येत नाही. पोटात वायू साठून काही तासांत जीव जातो. कुशीवर वळवा, उभी करा आणि तोल सावरेपर्यंत दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवा. मग शेतकऱ्याला फोन. (पहिल्या वेळी मी नुसती ‘अगं ऊठ, ऊठ’ करत उभी होते. तिला मराठी कळत नव्हतं.) फाटक उघडं सापडलं तर उघडंच ठेवा, बंद असेल तर बंद.

रात्री आभाळ मोकळं झालं की बाहेर या. महाराष्ट्रात अठरा-एकोणीस अंशांवर रेंगाळणारा ध्रुवतारा इथे सत्तावन्न अंशांवर असतो, मान वर करूनच बघावा लागतो. उत्तरेला राखाडी ढगाची पट्टी दिसली तर फोनचा कॅमेरा तीन सेकंद स्थिर धरा. फोटोत हिरवी आली तर तो ढग नाही, अरोरा म्हणजे ध्रुवीय प्रकाश आहे. घरातली उत्तरेची खिडकी कुठली, ते पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा.