देणगी द्या, पण या चुका टाळा

मे महिन्यात गावोगावच्या यात्रा झाल्या की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याहून, ठाण्याहून, नाहीतर मस्कतहून सुट्टीला आलेला कुणीतरी आपल्या जुन्या शाळेत डोकावतो, वडिलांच्या नावानं दिलेल्या पैशांचं काय झालं म्हणून विचारतो आणि संध्याकाळी माझ्यावर राग काढतो. "वाचनालयाला दिले होते वो पैसे! यांनी कंपाउंड बांधून ठेवलंय."

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या संस्थांचे हिशेब मी तीस वर्षं लिहिले. संस्था कुठं घसरते ते मला ठाऊक आहे, पण देणगीदार कुठं घसरतो तेही रोज बघितलंय. म्हणून मी आधी एकच विचारतो, पावतीवर काय लिहिलंय? त्यावर बहुतेक वेळा पलीकडून उत्तर येतं, "पावती शोधायला लागंल की."

इच्छा फक्त भाषणात सांगणं

ही चूक माझ्या घरातच झाली, आणि निम्मी माझ्या हातून.

माझी आत्या शहापुरात राहायची, शिक्षिका होती. १९९७ साली आतोबा गेले, तेव्हा तिनं माहेरगावच्या हायस्कूलला ४०,००० रुपये दिले. पैसे ठेवीत ठेवायचे आणि व्याजातून दरवर्षी एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, मराठीत पहिली येणाऱ्या मुलीला बक्षीस, शिवाय तीन गरजू मुलींना वह्या. तेव्हा ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं, म्हणजे वर्षाला ४,८०० रुपये. पुष्कळ झाले. समारंभ झाला, अध्यक्षांनी भाषणात आत्याची इच्छा अगदी जशीच्या तशी सांगितली, टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ झालं.

सहा वर्षं बक्षीस नीट निघालं. सातव्या वर्षी पंधरा ऑगस्टला आत्या झेंड्याला गेली, तर बक्षिसांच्या यादीत आतोबांचं नावच नाही. ठेव मोडून मुलींसाठी संडास बांधला होता. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "संडास झाला ते बरंच झालं रे, पोरी दिवसभर पाणी न पिता राहायच्या. पण मला एकदा विचारायचं होतं की."

तिच्यापेक्षा मीच जास्त तापलो. तावातावानं शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं पावतीपुस्तक काढलं आणि स्थळप्रत माझ्यापुढं धरली. 'शाळेस देणगी, रु. ४०,०००.' बस्स. अक्षर माझं होतं. त्या काळात त्या संस्थेचं हिशेबाचं काम माझ्याकडंच होतं आणि समारंभाच्या गडबडीत, पेढे वाटून होईस्तोवर, मी ती पावती फाडली होती.

आता यामागचं गणित समजून घ्या. नुसती 'देणगी' म्हणून जमा झालेला पैसा आयकराच्या हिशेबी संस्थेचं उत्पन्न होतो. उत्पन्नातला ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च झालेला दाखवावा लागतो, नाहीतर साठवून ठेवण्यासाठी वेगळे कागद रंगवावे लागतात. म्हणजे तुमची रक्कम तशीच राहावी असं कायद्यालाही वाटत नाही आणि गळकं छप्पर बघणाऱ्या कमिटीला तर नाहीच. पण देणगीदारानं स्वतः स्पष्ट कळवलं की ही रक्कम मूळ निधीत राहावी, तर ती कॉर्पस ठरते. २०२१ च्या वित्त कायद्यानंतर तर संस्थेला त्या रकमेवर करसवलत हवी असेल, तर ती कॉर्पस म्हणूनच वेगळी गुंतवून ठेवावी लागते. फरक एका ओळीचा. ती ओळ तुम्हीच लिहायची असते, संस्था लिहीत नाही.

त्या दिवसापासूनची माझी सवय सांगतो. चेक देण्याआधी स्वतःच्या हातानं चार ओळींचं पत्र लिहायचं: 'सोबतचे अमुक रुपये मूळ निधी म्हणजे कॉर्पस म्हणून देत आहे. मुद्दल खर्च करू नये. व्याज अमुक कामासाठीच वापरावे. हे शक्य नसेल तर तमुक कामासाठी वापरावे व मला किंवा माझ्या वारसांना कळवावे.' दोन प्रती काढायच्या आणि एकीवर संस्थेचा शिक्का, सही, तारीख घ्यायची. पावतीवरही 'कॉर्पस' शब्द लिहून घ्यायचा. आपल्याकडं ठरावबुक मराठीत, ऑडिटरचा रिपोर्ट इंग्रजीत आणि सरकारी पत्रव्यवहार कन्नडात चालतो. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना 'कायम ठेव' ची नुसती 'ठेव' होते आणि ठेवीची 'जमा'. कॉर्पस हा शब्द तिन्हीकडं तसाच राहतो.

शेवटची पायरी म्हणजे कमिटीच्या ठरावाची नक्कल. तिच्यासाठी महिनाभर थांबायला लागतं, म्हणून कुणी थांबत नाही. रविवारी आलोय, सोमवारी पहाटेची गाडी आहे, मधल्या वेळात फोटोसकट सगळं उरकून टाका. अशांना मी सांगतो, चेकवर पुढच्या महिन्याची तारीख घाला. हसतात. आत्याच्या वेळीही ठराव झाला नव्हता. माझ्या भांडणानंतर अध्यक्षांनी शब्द दिला, दोन वर्षं शाळेच्या खर्चातून बक्षीस निघालं, मग कमिटीची निवडणूक झाली, अध्यक्ष बदलले आणि शब्दही गेला.

अट इतकी आवळणं की श्वासच कोंडावा

ही उलटी चूक. एका गृहस्थांनी ठेव ठेवली ती अमुक गल्लीतल्या, मराठी माध्यमाच्या, संस्कृत घेतलेल्या पहिल्या मुलासाठी. आधी संस्कृतचे मास्तर निवृत्त झाले, मग पोरं इंग्रजी माध्यमाकडं वळली, तुकडी बंद पडली. पैसे बँकेत पडून आहेत. संस्था हात लावू शकत नाही आणि देणारे हयात नाहीत. सार्वजनिक न्यासाचा हेतू असा अडला तर कोर्टाकडून जवळच्या दुसऱ्या हेतूला परवानगी आणता येते, पण एवढ्याशा ठेवीसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? म्हणून वरच्या पत्रात 'शक्य नसेल तर' हे शब्द आहेत. व्याजाचाही विचार करा. बारा टक्के आता विसरा. सहाच टक्के धरले तर आत्याच्या त्याच ४०,००० वर वर्षाला २,४०० रुपये येतील. 'सोन्याचं पदक' लिहून ठेवलंत तर संस्था काय गहाण टाकणार?

जागा देताना बक्षीसपत्र न वाचणं

पैशाची चूक निस्तरता येते, जागेची नाही. एका ओळखीच्यांनी वडिलोपार्जित दोन गुंठ्यांचा प्लॉट वाचनालयासाठी दिला. दहा वर्षांनी तिथं मंगल कार्यालय उभं राहिलं, खालच्या मजल्यावर एका खोलीत दोन कपाटं पुस्तकं. हे गृहस्थ माझ्याकडं आले ते 'जागा परत घेतो' म्हणतच. मी बक्षीसपत्र, म्हणजे जागा दान दिल्याचा दस्त, मागवलं. कन्नडमध्ये होतं, यांना सही करण्यापुरतंच कन्नड येतं. वकिलाच्या कारकुनानं वाचून दाखवलं का? "होय की, घाईघाईत दाखवलं." वाचनालय हा शब्द पत्रात एकदाच होता, तोही 'वाचनालय इत्यादी सामाजिक कार्यासाठी' असा. त्या 'इत्यादी' मध्ये अख्खं मंगल कार्यालय बसलं.

स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र नोंदणीकृत लागतं, त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि एकदा झालं की मन फिरलं म्हणून रद्द होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं १२६ वं कलम एवढीच सोय देतं की, देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एखादी घटना घडली तर बक्षीस रद्द होईल, असं दोघांनी आधीच ठरवलेलं असावं. फसवून किंवा दडपणाखाली सही घेतली असेल तर गोष्ट वेगळी, पण ते शाबीत करायला लागतं. म्हणजे 'जागेचा वापर वाचनालयाखेरीज झाल्यास बक्षीस रद्द' ही अट सही करण्याआधी पत्रात हवी, आणि ती मसुदा करणाऱ्यावर न सोडता तुमच्या बाजूच्या वकिलाकडून लिहून घेतलेली हवी. कन्नड येत नसेल तर दोन्ही भाषा जाणणारा, संस्थेशी संबंध नसलेला माणूस शेजारी बसवा आणि ओळ न् ओळ वाचून घ्या. सब-रजिस्ट्रार ऑफिसात नंबर लागल्यावर वाचायला बसणारे पण भेटतात. तेव्हा उशीर झालेला असतो.

बाकीच्या, भराभर

२,००० रुपयांच्या वरची रोख देणगी ८०जी च्या, म्हणजे देणगीदाराला आयकरात मिळणाऱ्या, वजावटीत चालत नाही. तांदूळ, पुस्तकं, पंखे पण नाहीत. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट नाहीच, संस्थेशी भांडू नका.

सेक्रेटरीच्या स्वतःच्या नंबरवर जीपे करू नका. माणूस कितीही सज्जन असो.

गुप्तदान देवळाच्या पेटीत शोभतं. शाळा-दवाखान्याच्या न्यासाला निनावी मोठी रक्कम दिलीत तर ठरावीक मर्यादेपुढं तिच्यावर ३० टक्के कर बसतो. नाव-पत्ता संस्थेच्या वहीत द्या, फलकावर लावू नका म्हणून सांगा.

२०१९ च्या पुरात चिकोडी-निपाणीकडं जाणाऱ्या टेम्पोत जुन्या साड्यांची गाठोडी मी बघितली आहेत. चिखल उपसणाऱ्या बाईला जरीची फाटकी साडी कशाला हवी? आधी फोन करून विचारा.

संगमरवरी पाटी रंगकामात जाते. पाटीसाठी भांडू नका, ठरावासाठी भांडा.

आधीच बिघडलं असेल तर

पहिल्याच रात्री गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'पैसे खाल्ले' असं टाकू नका. एकदा तसं टाकलंत की कपाटाची किल्ली सापडत नाही. आधी शांतपणे त्या वर्षीची खतावणी आणि ठरावबुक बघायला मागा. बऱ्याचदा पैसे खाल्लेले नसतात, दुसऱ्या खात्यावर पडलेले असतात. ते परत वळवून घेता येतात आणि तसा नवा ठराव होतो.

तुमच्याकडं शिक्क्याचं पत्र असूनही टोलवाटोलवी झाली तर पोच घेऊन लेखी तक्रार द्या, सभासद असाल तर सर्वसाधारण सभेत विषय घ्यायला लावा. त्यापुढं, सार्वजनिक न्यास असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं ९२ वं कलम आहे. न्यासाशी संबंध असलेल्या किमान दोघांनी कोर्टाची परवानगी घेऊन दावा लावायचा. विश्वस्त हटवणं, हिशेब मागणं, न्यासाची योजना ठरवून घेणं हे त्यात होतं. तुमचे पैसे तुम्हाला परत मिळावेत यासाठी ते कलम नाही, हे वकिलाच्या ऑफिसात जाण्याआधी मनाशी पक्कं करा.

आणि वही बघायला सप्टेंबरात जाऊ नका, तेव्हा ऑडिट असतं आणि क्लार्क कुणालाही विचारत नाही. दिवाळी झाल्यावर जा, सोबत अर्धा किलो कुंदा न्या. वरच्या फळीवरचं जुनं पुस्तक काढायला क्लार्क त्यानं लवकर उठतो. मीच क्लार्क होतो, म्हणून सांगतो.