नाटक, कविता आणि गाणं: पुण्यात साहित्याची संध्याकाळ कशी भरवावी

१९२३ साली पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी स्वतःच्या कविता गाऊन लोकांपर्यंत नेल्या. लिहिलेलं कानावर पडावं, ही या शहराची जुनी हौस आहे. चार मित्र आणि दोन महिने हाताशी असतील, तर अशी संध्याकाळ तुम्हीही भरवू शकता.

आधी जागा ठरवा, बाकी सगळं तिच्यावर अवलंबून असतं. नव्या लेखनाला साठ-सत्तर श्रोते पुष्कळ झाले. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारखी छोटी जागा उत्तम, कारण तिथे वाचणाऱ्याचा चेहरा शेवटच्या रांगेतूनही दिसतो. बालगंधर्व रंगमंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहाच्या मोहात पडू नका, रिकाम्या खुर्च्या कवीचा धीर घालवतात. वाड्याच्या अंगणात किंवा गच्चीवर करणार असाल तर पावसाळा टाळा आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होईल अशी आखणी करा. तारीख गणपतीत किंवा डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या दिवसांत नको.

मग माणसं. दोन नाटककार, चार कवी, एक गायिका, पेटी आणि तबला. याहून जास्त नावं घेतलीत की प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात आणि कुणाचंच नीट ऐकून होत नाही. निम्मे तरी पहिल्यांदा लोकांसमोर वाचणारे असू देत. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेमुळे एकांकिका लिहिणारी मुलं कॉलेजाकॉलेजात आहेत, त्यांना विचारा. मानधन सगळ्यांना द्या. तबलजीला पाकीट आणि कवीला नुसतं गुलाबाचं फूल, ही पद्धत आता थांबायला हवी.

नाटकाच्या वाचनावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. अख्खं नाटक नको, प्रत्येक नाटककाराचा पंधरा मिनिटांचा एकच प्रवेश घ्या, ज्यात दोन-तीन पात्रं आहेत आणि काहीतरी घडतं. रंगसूचना वाचायला वेगळा माणूस बसवा, आणि त्यातल्या निम्म्या आधीच खोडा. ‘तो खिडकीपाशी जातो’ हे संवादातून कळत असेल, तर वाचायची गरज नाही. संहिता मोठ्या टायपात, कागदाच्या एकाच बाजूला छापा, म्हणजे पानं उलटताना माईकवर खरखर येत नाही. दोन तालमी हव्यातच, त्यातली एक घड्याळ लावून. तिकीट लावून नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या वाचनाला काय लागेल, ते सभागृह ठरवतानाच व्यवस्थापकांना विचारून घ्या.

गाणं दोन वाचनांमधली जागा भरायला ठेवू नका. त्याच संध्याकाळच्या एखाद्या कवीची कविता गायिकेला महिनाभर आधी द्या आणि चाल बांधू द्या. जुनी कविता घ्यायची असेल तर कवीच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क (कॉपीराइट) राहतो, हे लक्षात ठेवा. केशवसुत (निधन १९०५) किंवा बालकवी (१९१८) यांच्या कवितांना नवी चाल लावायला अडचण नाही. गायिकेची पट्टी, म्हणजे ती पेटीच्या कोणत्या स्वराला ‘सा’ धरते ते, तबलजीला आधीच कळवा. ती काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत) गाणार आणि हा काळी एकचा तबला घेऊन आला, तर ऐनवेळी ठोकाठोकी करून भागत नाही. वाद्यं लोक आत येण्यापूर्वी सुरात मिळवून घ्या.

क्रम असा लावा: गाणं, दोन कवी, पहिला प्रवेश, चहा, मग दोन कवी, दुसरा प्रवेश आणि शेवटी नव्या चालीची कविता. चहा धरून दोन तास. दीपप्रज्वलन, सत्कार, अध्यक्षीय भाषण काही नको. निवेदकानं नाव सांगावं, एखादं वाक्य बोलावं आणि बाजूला व्हावं. कवीची पुरस्कारांची यादी ऐकून कविता जास्त कळत नाही. साडेसहाची वेळ दिलीत तर साडेसहालाच सुरू करा.

वाचन चालू असताना एका मित्राला संहितेची जादा प्रत आणि पेन्सिल देऊन मागे बसवा. लोक कुठे हसले, कुठे खुर्च्या करकरल्या, कोणत्या वाक्याला सगळे एकदम गप्प झाले, ते त्यानं समासात टिपावं. दुसऱ्या दिवशी ती प्रत नाटककाराच्या हातात द्या. पुढचा खर्डा लिहिताना त्याला ती टाळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.