वळिवाच्या दिवसांत राजगडाचा फेरा: चोरदरवाज्याने वर, पाली दरवाज्याने खाली

मे महिन्यातला वळीव बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून पायथ्याच्या गुंजवणे गावातून पहाटे 5 ला निघा. चोरदरवाज्याची खडी वाट कोरड्या कातळावरच चढावी. ओली झाली की पाय सटकतो, आणि आधाराला उरते ते लोखंडी रेलिंग. विजा चमकत असताना नेमके तेच धरायचे नाही. उतरायला पाली दरवाज्याची रुंद, पायऱ्यांची वाट घ्या. ती गडाच्या दुसऱ्या अंगाला उतरते, तेव्हा परतीची गाडी आधीच ठरवा.

माथ्यावर ढगांवर लक्ष ठेवा. फुलकोबीसारखा ढग उंच वाढून तळाशी काळवंडला की बालेकिल्ला आणि संजीवनी माची सरळ सोडा. इथे लोक हमखास चुकतात: इतके चढलोय तर बालेकिल्ला करूनच जाऊ म्हणतात, आणि गडाच्या सर्वांत उंच, उघड्या टोकावर सापडतात.

वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, 3 ने भागा. तितके किलोमीटर वीज दूर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला की लगेच उतरायला लागा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे, विजेचा इशारा देणारे 'दामिनी' अॅप घरूनच टाकून घ्या. गडावर रेंजचा भरवसा नाही.

उघड्यावर अडकलात तर एकटे झाड, तटाची कड आणि उथळ कपार टाळा, कारण कातळावरून वाहणारा प्रवाह कपारीच्या तोंडाशी अंगातून उडी घेतो. एकमेकांपासून 15 मीटर अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे माचीवर परतू नका.

वीज पडलेल्या माणसाला हात लावायला धोका नसतो. श्वास थांबला असेल तर तात्काळ सीपीआर (छाती दाबून, श्वास देऊन केलेला प्रथमोपचार) द्या, दुसऱ्याला 112 लावायला सांगा.