म्हशीला मशीन लावायचं असेल तर

आमचा तबेला गोरेगावला, आरे कॉलनीत. शहरातले तबेले हलवण्यासाठी 1949 साली ही वसाहत उभी राहिली. धार काढणारी माणसं आता सहज मिळत नाहीत, म्हणून मशीन घ्यावंच लागतं. पण गाईला लावतात तसं ते म्हशीला लावू नका.

गाईच्या कासेत थोडं दूध खाली साठलेलं असतं. म्हशीचं जवळजवळ सगळं वर ग्रंथींत. पान्हा फुटल्याशिवाय ते उतरत नाही. म्हणून आधी पुढ्यात पेंड टाका, कास कोमट पाण्यानं धुवून कोरडी पुसा आणि सड हलक्या हातानं चोळत राहा. दोन मिनिटं लागली तरी लागू द्या. सड भरून टणक झाले की मगच त्यांवर मशीनचे कप चढवा. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचून पान्हा आणणं मला अजिबात मान्य नाही. जनावराचे हाल होतात आणि पुढे ते त्याशिवाय दूधच सोडत नाही.

कप चढवण्याआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत घ्या. गुठळ्या दिसल्या तर कासदाहाची, म्हणजे कासेला सूज आणणाऱ्या रोगाची, शंका घ्या; त्या म्हशीची धार सगळ्यांत शेवटी, दूध वेगळं, आणि डॉक्टरांना बोलवा.

नवी म्हैस आवाजाला बिचकते. काही दिवस मशीन नुसतं शेजारी चालू ठेवा, माणूसही रोजचाच हवा.

दूध थांबलं की व्हॅक्यूम, म्हणजे मशीनची हवेची ओढ, बंद करूनच कप काढा. सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. लगेच वैरण टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहते आणि तोवर सडांची तोंडं मिटतात. कपाच्या आतली रबरी नळी, म्हणजे लायनर, तडकला की बदला.