जुन्या छायाचित्रातील युद्धकालीन प्रायोगिक वा रूपांतरित विमान कसे ओळखावे

दुसऱ्या महायुद्धातील विमानांची हजारो छायाचित्रे आज सहज पाहायला मिळतात. मात्र त्यांतील पुष्कळ छायाचित्रांखाली ‘अतिदुर्मीळ’ किंवा ‘गुप्त प्रयोग’ असे लिहिलेले असूनही विमान नेहमीच्या उत्पादनातले असते, आणि खरोखर एकुलते एक असलेले विमान साध्या नावाखाली दुर्लक्षित राहते. अशा विमानांची ओळख पटवण्याचे काम शांतपणे आणि ठरावीक क्रमाने करावे लागते. छायाचित्राखालील मजकूर शेवटी वाचावा आणि किमान दोन स्वतंत्र पुरावे जुळल्याशिवाय विमानाला नाव देऊ नये, हा नियम मी स्वतः कसोशीने पाळतो.

सुरुवात नेहमी क्रमांकापासून करावी. ब्रिटिश विमानाच्या धडावर राष्ट्रचिन्हाच्या दोन्ही बाजूंना दिसणारी मोठी अक्षरे तुकडीची आणि त्या तुकडीतील विमानाची असतात. विमान तुकडी बदलते तेव्हा तीही बदलतात. आपल्याला हवा असतो तो शेपटीजवळचा लहान क्रमांक, कारण विमानात कितीही फेरफार झाले तरी तो सहसा कायम राहतो. या क्रमांकाच्या शेवटी तिरकी रेघ आणि ‘जी’ हे अक्षर असेल, तर विमान जमिनीवर असताना त्याच्यावर सतत सशस्त्र पहारा ठेवण्याची आज्ञा होती असे समजावे. ब्रिटनचे पहिले जेट विमान, ग्लॉस्टर ई.२८/३९, १५ मे १९४१ रोजी क्रॅनवेल येथून उडाले. त्याचा क्रमांक डब्ल्यू ४०४१/जी असा लिहिला जाई. शेपटीत जेट इंजिन बसवून चाचण्यांसाठी वापरलेल्या वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानाचा क्रमांकही असाच, झेड ८५७०/जी, होता. याशिवाय धडावर वर्तुळातील पिवळे ‘पी’ अक्षर दिसले, तर ते प्रोटोटाइपचे, म्हणजे चाचणीसाठी बांधलेल्या पहिल्या नमुन्याचे, चिन्ह आहे.

अमेरिकी विमानांत ‘एक्स’ म्हणजे प्रायोगिक आणि ‘वाय’ म्हणजे सेवा-चाचणीसाठी, ही अक्षरे प्रकाराच्या नावाआधी लागतात, पण ती शेपटीवर शोधून सापडत नाहीत. वैमानिक-कक्षाखाली डाव्या बाजूला बारीक अक्षरांत रंगवलेल्या मजकुरात ती असतात, त्यामुळे छायाचित्राची मोठी आणि स्वच्छ प्रत मिळवणे आवश्यक ठरते. शेपटीवरील अंकांतून ज्या आर्थिक वर्षात खरेदीचा आदेश निघाला त्या वर्षाचा शेवटचा अंक कळतो. तो विमान बांधल्याचे वर्ष सांगतो असे मानल्यास कालनिश्चिती चुकते.

त्यानंतर राष्ट्रचिन्हावरून काळ ठरवावा. अमेरिकी ताऱ्याच्या मधला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढण्यात आला आणि ताऱ्याच्या दोन्ही बाजूंचे आडवे पट्टे जून १९४३ अखेरीस आले. तेव्हा पट्टे दिसत असतील तर छायाचित्र त्याआधीचे असू शकत नाही. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरील ब्रिटिश विमानांच्या चिन्हातील लाल मध्य जपानी चिन्हाशी गल्लत होऊ नये म्हणून पुसण्यात आला, त्यामुळे चिन्हावरून कधी कधी प्रदेशही कळतो. कालनिश्चितीचा फायदा एका उदाहरणावरून दिसेल: नाकाच्या टोकावर पाचवे इंजिन असलेल्या बी-१७ या एरवी चार इंजिनांच्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाचे छायाचित्र ‘युद्धातील गुप्त विमान’ म्हणून फिरताना दिसते, परंतु ती विमाने इंजिनांच्या चाचण्यांसाठी युद्ध संपल्यानंतर तयार करण्यात आली होती.

कृष्णधवल छायाचित्रातील रंगांबाबत विशेष सावध राहावे. त्या काळी वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल आणि पिवळा हे रंग गडद, तर निळा फिका उमटतो. ब्रिटिश प्रोटोटाइपांचा पोटाकडील भाग पिवळा रंगवलेला असे. अशा फिल्मवर तो जवळजवळ काळा दिसतो, आणि पाहणारा त्याला रात्रीचे बॉम्बफेकी विमान समजतो.

आता आकाराकडे वळावे. येथे ‘हे काय दिसते आहे’ यापेक्षा ‘हे कोणत्या कामासाठी केले असेल’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो, कारण युद्धकाळात विनाकारण कोणी विमान कापत नसे. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे प्रचंड कडे बसवलेले वेलिंग्टन. १९३९ च्या अखेरीस जर्मनीने ब्रिटनच्या किनाऱ्यालगत चुंबकीय सुरुंग पेरले. वरून जाणाऱ्या पोलादी जहाजामुळे चुंबकीय क्षेत्रात होणाऱ्या बदलाने ते फुटत. असा एक सुरुंग शूबरीनेस येथे २३ नोव्हेंबर १९३९ रोजी निकामी करून उघडण्यात आला आणि त्याची यंत्रणा समजली. मग वेलिंग्टनला नाक, पंख आणि शेपूट यांना जोडणारे सुमारे ४८ फूट व्यासाचे कडे बसवण्यात आले. त्यातील गुंडाळीतून वीज खेळवण्यासाठी विमानात वेगळे इंजिन आणि जनित्र ठेवले, आणि वजन वाचवण्यासाठी पुढची-मागची टरेट (मशीनगन बसवलेले फिरते घुमट) काढून तेथे सलग आवरण घातले. असे विमान पाण्यावरून अगदी खालून उडत जाई आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्राने सुरुंग फुटे. पहिला सुरुंग ८ जानेवारी १९४० रोजी फुटला. मात्र केवळ कडे पाहून वेलिंग्टन ठरवू नये, कारण जर्मनांनीही जुंकर्स ५२ वर असेच कडे बसवले होते. इंजिने मोजावीत: वेलिंग्टनला दोन, जुंकर्सला तीन. तसेच वेलिंग्टनच्या पाठीवर नुसत्या खुंट्यांची रांग दिसली तर ती रडारची असते आणि ते सागरी गस्तीचे नेहमीचे विमान असते.

काही वेळा फरक एकाच अवयवात दडलेला असतो. बी-१७ च्या हनुवटीखाली टरेट दिसले की बहुतेक जण त्याला ‘जी’ प्रकार म्हणतात, आणि ते बहुधा बरोबरही असते. पण पाठीवर नेहमीच्या टरेटच्या मागे आणखी एक टरेट असेल, तर ते वायबी-४० असण्याची शक्यता तपासावी. बॉम्बऐवजी तोफा आणि दारूगोळा वाहून इतर बॉम्बफेक्यांचे रक्षण करण्यासाठी केलेले हे रूपांतर १९४३ मध्ये लढाईत उतरले. बॉम्ब टाकून हलक्या झालेल्या विमानांबरोबर परतताना या जड विमानांना वेग राखता येईना, म्हणून तो प्रयोग थांबला. हनुवटीखालचे टरेट मात्र पुढे सर्रास वापरात आले.

एका क्रमांकाची दोन रूपे दिसली म्हणून एक छायाचित्र खोटे ठरवण्याची घाई करू नये. लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाचा पहिला प्रोटोटाइप, बीटी ३०८, जानेवारी १९४१ मध्ये उडाला तेव्हा त्याच्या शेपटीला तीन उभे पंख होते. पुढे दोन झाले, आणि १९४३ मध्ये त्याच विमानाच्या शेपटीत जेट इंजिन बसले. चर्चिल यांना १९४२ मध्ये कैरो आणि मॉस्कोला नेणारे ‘कमांडो’ हे लिबरेटर (अमेरिकी बनावटीचे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान), एएल ५०४, आधी दोन उभ्या पंखांचे होते आणि नंतर एकाच उंच पंखाचे झाले. मार्च १९४५ मध्ये ते अटलांटिकवर नाहीसे झाले.

लिबरेटरबद्दल मराठी वाचकाने जास्त बारकाईने पाहावे, कारण ही विमाने आपल्या परिसरात वावरली आहेत. धडावर खिडक्यांची रांग, काचेऐवजी बंद नाक आणि डाव्या बाजूला मागे रुंद दार असेल तर ते मालवाहू सी-८७ होय. बंद नाक असून खिडक्या आणि टरेट दोन्ही नसतील, तर इंधनवाहू सी-१०९ असू शकते; तशी दोनशेहून अधिक रूपांतरे झाली आणि त्यांतील अनेकांनी भारतातून हिमालयापलीकडे चीनमध्ये इंधन पोचवले. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला निकामी करून टाकलेली लिबरेटर विमाने बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त केली, आणि १९५१ पासून पुण्याच्या तळावरील सहाव्या स्क्वाड्रनने ती सागरी टेहळणीसाठी वापरली. त्यामुळे पुण्यातील एखाद्या जुन्या संग्रहात चार इंजिनांचे, दुहेरी शेपटीचे विमान आढळले, तर त्याचा काळ युद्धोत्तर असू शकतो हे आधी ध्यानात घ्यावे.

शेवटी नोंद करताना क्रमांक, चिन्हावरून ठरलेला काळ, आकारातील फरक आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष हे वेगवेगळ्या ओळींत लिहावे, म्हणजे पुढे एखादा पुरावा बदलला तरी बाकीची नोंद उपयोगी राहते. विमान अनेक हातांतून गेले असेल तर त्याचे सर्व क्रमांक एकत्र द्यावेत. लंडनमधील हेंडन येथील संग्रहालयातले लिबरेटर ब्रिटिश सेवेत केएन ७५१ होते आणि भारतीय वायुसेनेत एचई ८०७, आणि यांपैकी एकच क्रमांक लिहिला तर त्याची अर्धी छायाचित्रे शोधणाऱ्याला कधीच सापडणार नाहीत.